घटमाला कोणाची? अमेरिकेतील शहरी वीजकंपन्या आणि विजेची मोटार, १८९७–१९२४

शहरास वीज पुरविणाऱ्या संस्थेने विजेवर चालणाऱ्या मोटारींस उत्तेजन द्यावे, रात्रीच्या विजेस सवलतीचा दर लावावा, घटमाला भरण्याची केंद्रे ठिकठिकाणी उघडावी, हा विचार एकविसाव्या शतकात अनेक देशांच्या धोरणात शिरला आहे. त्याची मांडणी बहुधा अशी केली जाते की, जणू वीजकंपनी आणि मोटार ह्यांची गाठ आजच प्रथम पडत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची मोटार जन्मास आली तेव्हापासूनच शहरी वीजकंपन्यांचे तिच्याकडे लक्ष होते. त्यांनी तिच्यासाठी दर ठरविले, जाहिराती केल्या, संघटना स्थापिली आणि एका शहरी तर तिच्या घटमालेची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेतली. ह्या प्रयत्नांची कथा यंत्राच्या इतिहासापेक्षा संस्थांच्या इतिहासाचा भाग अधिक आहे आणि त्या दृष्टीने तिचा विचार मराठीत क्वचितच झाला आहे.

१९०० च्या सुमारास अमेरिकेत वर्षभरात ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या त्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. त्यानंतरच्या वीस वर्षांत हे प्रमाण पूर्णपणे उलटले. ह्या उलथापालथीचे रूढ स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे: घटमाला जड होती, एका भरणात गाडी फार दूर जात नसे, १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मॉडेल टी गाडी आली आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला केटरिंगने सिद्ध केलेला विद्युत्-प्रारंभक बसविला गेल्यावर पेट्रोलचे एंजिन हाताने फिरविण्याचा त्रासही संपला. ही कारणे खरी आहेत; परंतु ती पुरेशी नाहीत. त्यांत मोटार आहे, तिचा कारखानदार आहे, ग्राहकही आहे; वीज विकणारी कंपनी मात्र कोठेच दिसत नाही. विजेच्या मोटारीच्या व्यवहारातील सर्वांत बलाढ्य पक्ष वगळून केलेली ही कारणमीमांसा आहे. तो पक्ष पुन्हा चित्रात आणला म्हणजे प्रश्नाचे स्वरूप बदलते. घटमाला किती चांगली होती, ह्याबरोबरच ती खराब झाल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हेही विचारणे प्राप्त होते.

१. रात्रीच्या विजेचा प्रश्न

वीजधंद्याची मूळ अडचण अशी की, विकावयाचा माल साठवून ठेवता येत नाही. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचे पर्ल स्ट्रीट येथील विद्युत्-केंद्र न्यूयॉर्क शहरात सुरू झाले, तेव्हा त्याचा मुख्य ग्राहक दिवा होता. दिव्यांची मागणी सायंकाळी एकदम वाढते आणि मध्यरात्रीनंतर जवळजवळ नाहीशी होते. सायंकाळच्या दोनतीन तासांची कमाल मागणी भागविता यावी म्हणून जनित्रे, बाष्पित्रे आणि तांब्याच्या तारा ह्यांवर भांडवल गुंतवावे लागते. उरलेले बहुतेक तास तेच भांडवल निरुपयोगी पडून राहते आणि त्यावरील व्याज मात्र चालूच असते.

ह्या अडचणीचे अर्थशास्त्र ज्याने पक्के ओळखले तो सॅम्युएल इन्सल होय. एडिसनचा चिटणीस म्हणून अमेरिकेत आलेला हा इंग्रज गृहस्थ १८९२ मध्ये शिकागो एडिसन कंपनीचा अध्यक्ष झाला. सरासरी मागणीचे कमाल मागणीशी जे प्रमाण पडते त्यास वीजधंद्यात 'लोड फॅक्टर' म्हणतात. मराठीत त्यास भारगुणक म्हणता येईल. भारगुणक जितका वरचा, तितका एकेका युनिटावर पडणारा भांडवली खर्च कमी, हे सूत्र इन्सलने आपल्या धंद्याचा पाया केले. इंग्लंडातील ब्रायटन येथे आर्थर राइट ह्याने बसविलेली कमाल मागणी मोजण्याची पद्धत त्याने शिकागोत आणली आणि ज्या ग्राहकांची मागणी सायंकाळच्या गर्दीबाहेर पडते, त्यांना तो अतिशय स्वस्त दराने वीज देऊ लागला. ट्रामगाड्या, उद्वाहने, कारखान्यांतील मोटरी असे ग्राहक त्याने चिकाटीने मिळविले.

ह्या हिशोबात विजेची मोटार म्हणजे आदर्श ग्राहक ठरत होती. दिवसा ती रस्त्यावर असते आणि रात्री तबेल्यात उभी राहते. म्हणजे जेव्हा जनित्रे रिकामी असतात नेमक्या त्याच वेळी तिला वीज लागते. शिवाय एका गाडीचा खप कित्येक घरांतील दिव्यांच्या खपाइतका असे. तथापि ह्या हिशोबाला एक अट होती. गाडीवान सहा वाजता परतला आणि त्याने लगेच तारा जोडून दिल्या, तर तीच मागणी हिवाळ्यातील दिव्यांच्या गर्दीत येऊन पडे आणि लाभाऐवजी हानी होई. तेव्हा गाडी केवळ विजेवर चालून भागत नव्हते. तिची घटमाला कोणत्या वेळी भरावयाची, हे ठरविण्याचा अधिकारही महत्त्वाचा होता. हा मुद्दा त्या काळच्या फार थोड्या कंपन्यांनी पुरतेपणी ओळखला.

२. न्यूयॉर्कचा प्रयोग व त्याची छाया

मोटार आणि घटमाला ह्यांची मालकी वेगळी ठेवण्याचा विचार अमेरिकेत आरंभापासून होता. फिलाडेल्फिया येथे हेन्री मॉरिस आणि पेड्रो सॅलम ह्यांनी १८९४ मध्ये 'इलेक्ट्रोबॅट' नावाची गाडी तयार केली. त्याच गाडीच्या सुधारलेल्या आवृत्त्या १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर भाड्याच्या गाड्या म्हणून धावू लागल्या. त्याच वर्षी आयझॅक राइस ह्याने हा धंदा ताब्यात घेऊन 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' स्थापिली. राइस हा घटमाला बनविणाऱ्या 'इलेक्ट्रिक स्टोरेज बॅटरी कंपनी'चाही सूत्रधार होता. घटमालेची नाजूक प्रकृती त्याला चांगली ठाऊक असल्यामुळे ती सामान्य ग्राहकाच्या हाती देण्याचा विचारच त्याने केला नाही. गाड्या कंपनीच्या, सारथी कंपनीचे, घटमालाही कंपनीच्या. ग्राहकाने फक्त प्रवासाचे भाडे द्यावयाचे. कंपनीच्या स्थानकात गाडी आली की द्रवदाबाच्या यंत्राने रिकामी घटमाला ओढून घेतली जाई व भरलेली तिच्या जागी सरकविली जाई. काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर जाई.

ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या चालण्यासारखी होती. तिचा घात झाला तो विस्ताराच्या घाईने. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रामधंद्यातील धनिक विल्यम व्हिटनी आणि हार्टफर्डचा सायकल-कारखानदार अल्बर्ट पोप ह्यांच्याशी हातमिळवणी होऊन अनेक शहरांत हजारो गाड्या चालविण्याची योजना जाहीर झाली. शहरोशहरी उपकंपन्या निघाल्या. अनुभवी कामगारांचा अभाव, घटमालांची हेळसांड आणि भागभांडवलाचा सट्टा ह्यांमुळे १९०१ पर्यंत त्यांतील बहुतेक बंद पडल्या. मूळ कंपनी पुढे गाड्या बनविण्याच्या धंद्यात आणि पेट्रोल मोटारीसंबंधीच्या सेल्डन पेटंटाच्या दाव्यांत गुंतली व १९०७ च्या अखेरीस तिचे दिवाळे वाजले.

ह्या अपयशाचा परिणाम त्या कंपनीपुरता राहिला नाही. घटमाला एका जाणत्या संस्थेच्या ताब्यात ठेवावी आणि ग्राहकास केवळ वाहतूक विकावी, ही कल्पनाच बदनाम झाली. भांडवलदारांनी तिच्याकडे पाठ फिरविली. त्यानंतर विजेची मोटार हा इतर वस्तूंसारखाच एक विक्रीचा माल झाला. कारखानदार गाडी विकून मोकळा होई, वीजकंपनी युनिटे विकून मोकळी होई आणि दोहोंच्या मध्ये असलेली, वर्षागणिक झिजणारी घटमाला ग्राहकाच्या गळ्यात पडे.

ही जबाबदारी लहान नव्हती. शिसे व अम्ल ह्यांच्या घटमालेस ऊर्ध्वपातित पाणी वेळेवर घालावे लागे. भरण अधिक झाले तर पट्ट्यांवरील द्रव्य झडून तळाशी गाळ साठे. गाडी रिकाम्या घटमालेने उभी ठेवली तर पट्ट्या कायमच्या निकामी होत. पट्ट्या किती मैलांनंतर बदलाव्या लागतील हे कोणालाही निश्चित सांगता येत नसे. एडिसनने निकेल व लोह ह्यांची टिकाऊ घटमाला बाजारात आणली, पण तिची पहिली आवृत्ती गळतीमुळे मागे घ्यावी लागली. सुधारलेली घटमाला १९१० च्या सुमारास उपलब्ध झाली. ती दणकट होती. परंतु तिची किंमत भारी होती आणि थंडीत तिची शक्ती मंदावे. ग्राहकाची चिंता पेट्रोलच्या भावासारखी रोजच्या खर्चाची नव्हती. एखादे दिवशी मोठी रक्कम एकदम भरावी लागेल, ही ती चिंता होती.

३. दर, जाहिरात आणि संघटना

१९१० मध्ये 'इलेक्ट्रिक व्हेइकल असोसिएशन ऑफ अमेरिका' ही संघटना स्थापन झाली. तीत वीजकंपन्या, गाड्यांचे कारखानदार आणि घटमालांचे उत्पादक असे तिन्ही पक्ष एकत्र आले. जाहिरातींचा खर्च वाटून घेणे, भरणाच्या प्लगाचे प्रमाण ठरविणे, दरांसंबंधी माहितीची देवघेव करणे ही तिची कामे होती. ह्याच काळात अनेक शहरांतील कंपन्यांनी रात्रीच्या भरणासाठी सवलतीचे दर लावले. शहराच्या मध्यभागी एडिसन-पद्धतीचा एकदिश प्रवाह उपलब्ध असल्यामुळे तेथे घटमाला भरणे सोपे होते. उपनगरांत मात्र प्रत्यावर्ती प्रवाह असे व तो थेट घटमालेस चालत नसे. पीटर कूपर ह्यूइट ह्याने १९०२ मध्ये शोधलेल्या पारदवाफेच्या एकदिशकारकामुळे ही अडचण दूर झाली आणि घरच्या तबेल्यात गाडी भरणे शक्य झाले. बॉस्टनच्या एडिसन कंपनीने तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील विद्युत्-अभियांत्रिकी विभागाकरवी घोडा, विजेची गाडी व पेट्रोलची गाडी ह्यांच्या वाहतूक-खर्चाचा पद्धतशीर अभ्यास करविला. वीजकंपनीने विद्यापीठीय संशोधनास आश्रय देण्याचे ते एक आरंभीचे उदाहरण म्हणून लक्षात घेण्यासारखे आहे.

ह्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली. शहरातल्या शहरात, ठरलेल्या रस्त्याने, पदोपदी थांबत माल पोचविण्याच्या कामी विजेची गाडी घोड्यापेक्षा सरस आणि पेट्रोलच्या गाडीच्या तोडीची किंवा तिच्याहून किफायतशीर ठरत होती. भाकरी, बर्फ, कपडे, पेट्या पोचविणाऱ्या व्यापाऱ्यांस दूरच्या पल्ल्याची गरज नव्हती. त्यांना हवे होते ते निश्चित खर्चाचे आणि खात्रीचे वाहन.

असे असूनही कंपन्यांचा पाठिंबा एका मर्यादेपलीकडे गेला नाही. वीजकंपन्या आपल्या स्वतःच्या दुरुस्ती-पथकांसाठीसुद्धा पेट्रोलच्या गाड्या वापरतात, ही तक्रार गाड्यांचे कारखानदार वारंवार करीत. ह्या उदासीनतेची कारणे समजण्यासारखी आहेत. इस्त्री, पंखा, कारखान्यातील मोटर ही उपकरणे विकली की कंपनीचे काम संपत असे आणि मीटर फिरत राही. मोटारीच्या बाबतीत विक्रीनंतरच काम सुरू होई. शिवाय वीजकंपनीचा अभियंता तारांच्या आणि जनित्रांच्या जगात वाढलेला. वाहतूक हा त्याचा विषय नव्हे. मीटरपर्यंतची वीज आपली, त्यापुढील सर्व काही ग्राहकाचे, ही सीमारेषा धंद्याच्या प्रकृतीतच रुजलेली होती. दरात सवलत देणे ह्या रेषेच्या अलीकडे होते. घटमाला सांभाळणे पलीकडे.

१९१६ मध्ये ही संघटना वीजकंपन्यांच्या 'नॅशनल इलेक्ट्रिक लाइट असोसिएशन' ह्या मोठ्या संस्थेत विलीन झाली. कागदोपत्री तो विजेच्या मोटारीचा सन्मान होता; प्रत्यक्षात ती अनेक विषयांपैकी एक विषय होऊन बसली.

४. हार्टफर्डचा मार्ग

ही सीमारेषा ओलांडणारी कंपनी न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या महानगरातील नव्हती. कनेटिकट राज्याची राजधानी असलेल्या हार्टफर्ड ह्या मध्यम शहरात 'हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनी' वीज पुरवीत असे. नव्या यंत्रांस प्रथम आपल्या केंद्रात जागा देण्याबद्दल तिची ख्याती होती. अमेरिकेतील सार्वजनिक वीजपुरवठ्यात वाफेची टर्बाइन प्रथम वापरणारी कंपनी म्हणून तिचे नाव घेतले जाते (१९०१). पोपच्या कारखान्यामुळे विजेच्या गाड्याही त्या शहरास अपरिचित नव्हत्या.

१९१० पासून ह्या कंपनीने मालवाहू गाड्यांसाठी 'घटमाला-सेवा' सुरू केली. गाड्या जनरल इलेक्ट्रिकच्या छत्राखालील 'जनरल व्हेइकल कंपनी'च्या असत. व्यापाऱ्याने गाडी विकत घ्यावयाची ती घटमालेवाचून. त्यामुळे गाडीची आरंभीची किंमत बरीच खाली येई. घटमाला वीजकंपनीची. व्यापाऱ्याने दरमहा एक ठरावीक आकार द्यावयाचा आणि त्याशिवाय गाडी जितके मैल चालेल त्या मानाने रक्कम द्यावयाची. गाडीची देखभाल व तबेल्याची सोयही मासिक आकारात येई. घटमाला रिकामी होत आली की गाडी स्थानकात आणावी, तेथे थोड्या वेळात दुसरी भरलेली बसवून मिळे. हे जलद व्हावे म्हणून गाडी आणि घटमाला दोहोंच्या रचनेत आवश्यक फेरफार करण्यात आले होते.

ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि त्या अवधीत तिच्या घटमालांवर साठ लाख मैलांहून अधिक वाहतूक झाली. ह्या आकड्याचे महत्त्व त्याच्या आकारमानात नाही. पेट्रोलच्या गाड्यांच्या एकूण वाहतुकीपुढे तो नगण्य आहे. चौदा वर्षे एक खाजगी कंपनी हा व्यवहार स्वेच्छेने चालवीत राहिली, ह्यात त्याचे महत्त्व आहे.

ह्या व्यवस्थेतील हितसंबंधांची जुळणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. व्यापाऱ्यास युनिट, व्होल्ट, अम्लाची घनता ह्यांपैकी काहीही समजण्याची गरज उरली नाही. त्याला समजणाऱ्या एकाच मापाने, म्हणजे मैलाने, त्याचा हिशोब होऊ लागला. एकदम येणाऱ्या मोठ्या खर्चाचे भय जाऊन त्याची जागा महिन्याच्या ठराविक देण्याने घेतली. वीजकंपनीच्या बाजूने पाहता, पूर्वी ग्राहकाची घटमाला जितकी अधिक वीज खाई तितका कंपनीस लाभ होता. आता मैलावर पैसे मिळत असल्यामुळे घटमाला जितकी कार्यक्षम आणि दीर्घायुषी, तितका लाभ अधिक. म्हणजे घटमाला नीट राखण्यात ज्याला सर्वांत अधिक ज्ञान त्यालाच सर्वांत अधिक स्वार्थही प्राप्त झाला. तिसरी गोष्ट भारगुणकाची. घटमाला स्थानकातच असल्यामुळे ती कोणत्या वेळी भरावयाची हे कंपनीच ठरवू शके. जी वेळ इतर कंपन्या सवलतीच्या दराने ग्राहकाकडून विनवून घेत होत्या, ती हार्टफर्डने व्यवस्थेच्या रचनेतूनच मिळविली.

१९१७ पासून शिकागोत 'मिलबर्न लाइट इलेक्ट्रिक' ह्या हलक्या मोटारींच्या मालकांसाठी अशाच प्रकारची सेवा चालली व तीही यशस्वी ठरली. तेव्हा ही पद्धत केवळ मालवाहतुकीसच लागू पडते, असेही म्हणता येत नाही.

५. प्रसार का झाला नाही

मग हार्टफर्डची पद्धत देशभर का पसरली नाही, हा प्रश्न उरतो. त्याचे एकच उत्तर देणे योग्य होणार नाही.

पहिली अडचण प्रमाणीकरणाची. घटमाला बदलावयाची तर सर्व गाड्यांत ती एकाच आकाराची, एकाच जागी बसणारी असावी लागते. हार्टफर्डने एकाच कारखानदाराशी संधान बांधले, शिकागोतील सेवाही एकाच बनावटीच्या गाडीपुरती होती. इतर कारखानदार आपापल्या रचना सोडण्यास तयार नव्हते आणि त्यांच्यावर तशी सक्ती करील अशी सत्ता कोणाकडेही नव्हती. दुसरी अडचण कालाची. पहिल्या महायुद्धाने पेट्रोलच्या मालवाहू गाडीस प्रतिष्ठा आणि प्रचंड उत्पादन मिळवून दिले. १९१६ च्या केंद्रीय कायद्याने रस्त्यांस सरकारी साहाय्य सुरू झाल्यावर शहराबाहेरची वाहतूक वाढली. एकच गाडी शहरातही चालावी आणि परगावीही जावी, ही अपेक्षा रूढ झाली. तिसरे कारण वीजकंपन्यांच्या बदललेल्या गरजेत आहे. कारखाने, ट्राम आणि घरगुती उपकरणे ह्यांच्या वाढीने मागणीच्या आलेखातील खळगे अन्य मार्गांनी भरू लागले. मोटारीची निकड कमी झाली. चौथे कारण काहीसे विपरीत आहे. विद्युत्-प्रारंभकामुळे प्रत्येक पेट्रोल मोटारीत एक लहान घटमाला बसू लागली आणि घटमालांच्या उत्पादकांस विजेच्या मोटारीहून कितीतरी मोठी बाजारपेठ तिच्या प्रतिस्पर्ध्याकडेच सापडली. १९१० मध्ये एकत्र आलेल्या तीन पक्षांपैकी एकाचे हित अशा रीतीने दुसरीकडे वळले.

ह्या विषयावरील अलीकडच्या संशोधनात मतभेद आहेत. मायकेल शिफर ह्यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवडीनिवडींवर भर दिला. एकच मोटार परवडणाऱ्या कुटुंबात दूरच्या सहलीची गाडी निवडली गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डेव्हिड कर्श ह्यांनी २००० मध्ये संघटनात्मक कारणांकडे लक्ष वेधले आणि न्यूयॉर्कच्या कंपनीचे अपयश व वीजकंपन्यांची अनिश्चित वृत्ती ह्यांस मध्यवर्ती स्थान दिले. हाइस मोम ह्यांच्या २००४ च्या इंग्रजी ग्रंथात युरोपीय अनुभवाची जोड देऊन, मोटारीकडून त्या काळच्या समाजाने काय अपेक्षिले ह्याची चिकित्सा केली आहे. हार्टफर्डच्या उदाहरणाने ह्यांपैकी कोणतेही मत सर्वस्वी खरे वा खोटे ठरत नाही. तथापि त्यावरून इतके निश्चित म्हणता येते की, ज्या घटमालेस अपयशाचे कारण मानले जाते, तीच घटमाला एका शहरात चौदा वर्षे समाधानकारक काम करीत होती. घटमालेचे गुणधर्म सर्वत्र सारखेच होते. हार्टफर्डमध्ये निराळे होते ते तिच्या मालकीचे आणि जबाबदारीचे वाटप.

ह्या निष्कर्षास एक मर्यादा घालणे अवश्य आहे. हार्टफर्डची सेवा चांगली चालली म्हणून ती सर्वत्र राबविली असती तर पेट्रोलची गाडी मागे पडली असती, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. दूर पल्ल्याच्या वाहतुकीत त्या काळच्या घटमालेस स्थान नव्हते. परंतु शहरांतर्गत मालवाहतुकीचे एक स्वतंत्र क्षेत्र विजेच्या गाडीकडे दीर्घकाळ राहणे अशक्य नव्हते. इंग्लंडात घरोघर दूध पोचविणाऱ्या विजेच्या गाड्या, रात्री नव्हे तर पहाटे फिरून दिवसा भरल्या जात असूनही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही मोठ्या संख्येने चालू होत्या. हे त्याचे प्रत्यंतर होय.

६. मुंबईचे उदाहरण आणि आजचा प्रश्न

वीज विकणारी संस्था व वाहन चालविणारी संस्था एकच असणे, हा ह्या प्रश्नाचा आणखी एक संभाव्य उलगडा होता आणि त्याचे ठळक उदाहरण मुंबईत घडले. १९०५ मध्ये स्थापन झालेली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' शहरास वीजही पुरवीत होती आणि ट्रामही चालवीत होती. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. तेथे घटमालेचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण डोक्यावरची तार तिचे काम करीत होती. तार, गाडी आणि वीज ह्या तिन्हींची जबाबदारी एकाच संस्थेवर होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा कारभार मुंबई महानगरपालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ट्रॉलीबसही १९७१ मध्ये थांबल्या. त्यानंतर कित्येक दशके 'बेस्ट' ही संस्था एका हाताने वीज विकीत होती आणि दुसऱ्या हाताने तेलावर व वायूवर चालणाऱ्या बस चालवीत होती. वीज आणि वाहतूक एका छपराखाली असणे पुरेसे नसते, हा बोध ह्या इतिहासातून मिळतो; त्या दोहोंना जोडणारे साधन बदलले की छप्पर एक असूनही व्यवहार दोन होतात.

विजेच्या बस मुंबईत परत आल्या त्या निराळ्या व्यवस्थेने. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणारी दुमजली बस शहरात धावू लागली. अशा बस मुख्यतः कंत्राटदाराच्या मालकीच्या असतात आणि 'बेस्ट' त्याला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम देते. म्हणजे घटमालेच्या आयुष्याचा धोका वाहतूक संस्थेने आपल्याकडे न ठेवता दुसऱ्याकडे सोपविला आहे. हार्टफर्डमध्ये मैलाच्या मापाने वीजकंपनी पैसे घेत होती. येथे किलोमीटरच्या मापाने वीज पुरविणारी संस्थाच पैसे देते. मोजमापाचे तत्त्व एक, जबाबदारीची दिशा उलट.

भारत सरकारच्या धोरणातही हा जुना प्रश्न नव्या वेशात आला आहे. घटमाला भरून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, सबब त्यासाठी परवान्याची आवश्यकता नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे मीटरच्या पलीकडचे क्षेत्र वीजकंपनीखेरीज इतरांस मोकळे झाले. ऑगस्ट २०२० मध्ये घटमालेवाचून वाहनाची विक्री व नोंदणी करण्यास केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाने अनुमती दिली. हार्टफर्डच्या व्यापाऱ्याने १९१० मध्ये जे केले त्यास भारतात अशा रीतीने एकशे दहा वर्षांनी मान्यता मिळाली. घटमाला बदलून देण्याच्या योजनांपुढे प्रमाणीकरणाची अडचण मात्र आजही जशीच्या तशी उभी आहे.

आजची परिस्थिती तंतोतंत तशीच आहे, असे मात्र नव्हे. लिथियमची घटमाला शिसे-अम्लाच्या घटमालेहून अनेक पटींनी हलकी आणि टिकाऊ आहे, तिला ग्राहकाने पाणी घालावयाचे नसते आणि तिच्या आयुष्याची कित्येक वर्षांची हमी मोटारीचा कारखानदारच देतो. म्हणजे जी जबाबदारी १९१० मध्ये बेवारस होती, तिला बऱ्याच अंशी वारस मिळाला आहे. मागणीच्या आलेखातील खळगाही सर्वत्र रात्रीच पडत नाही. सूर्यापासून मिळणाऱ्या विजेचे प्रमाण जेथे वाढले तेथे तो दुपारी पडतो. परंतु मोटार घरी उभी असते ती रात्री. तेव्हा कोणत्या वेळी भरावयाचे हे कोणी ठरवावे, हा इन्सलच्या काळचा प्रश्न उलट अधिक गुंतागुंतीचा झाला आहे आणि केवळ दराच्या सवलतीने तो सुटेल असे मानण्यास इतिहासाचा आधार मिळत नाही.

वीजकंपन्यांच्या पहिल्या प्रयत्नाचे मूल्यमापन करताना त्यांच्यावर दूरदृष्टीच्या अभावाचा ठपका ठेवणे सोपे आहे. भारगुणकाचे गणित त्यांनी अचूक मांडले होते. विजेच्या मोटारीचा त्यांना होणारा लाभ त्यांना कळत होता. परंतु तो लाभ ज्या वस्तूवर अवलंबून होता, तिच्या झिजेचा भार उचलण्यास त्या तयार नव्हत्या. जेथे एका कंपनीने तो उचलला तेथे मध्यम शहरातील व्यापारीही निर्धास्तपणे विजेची गाडी वापरू लागले. नव्या वाहनास वीजसंस्थेने किती साहाय्य केले हे मोजताना उघडलेल्या केंद्रांची आणि कमी केलेल्या दरांची गणती पुरेशी होत नाही. ग्राहकाच्या शिरावरील कोणता धोका तिने स्वतःकडे घेतला, हेही पाहावे लागते. हार्टफर्डच्या चौदा वर्षांच्या हिशोबाचे अभ्यासकास आजही जे महत्त्व वाटते ते ह्याच कारणाने होय.